बोगोटा: बिअर, चिचा आणि कोपसाहेबांचा कान

सांजवारा
विभाग: भटकंती

कामानिमित्त माझं कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटाला, जाणं-येणं असतं हे कळल्यापासून तिथल्या बिअरबद्दल व्यक्तिगत निरोप येतायत. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा म्हटलं धागाच काढावा. 'अमुक दहा ठिकाणी जाच' छापाची यादी इथे मिळणार नाही. टॅपरूम, म्हणजे थेट नळावरून बिअर देणाऱ्या जागा, भरपूर आहेत, नकाशा उघडलात की चापिनेरोपासून उसाकेनपर्यंत खुणाच खुणा दिसतील. मला एवढंच सांगायचंय की या शहरात बिअर प्यायची असेल तर सुरुवात झोना टीच्या झगमगाटात करू नका. ला पेर्सेवेरान्सियात करा.

१८८९ साली लिओ कोप नावाच्या जर्मन माणसाने बोगोटात बाव्हारिया ही ब्रुअरी काढली. कारखाना तेव्हाच्या शहराच्या उत्तर टोकाला, सान दिएगोजवळ. कामगारांनी तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी घरं बांधली. जागा घ्यायला कोपनेच मदत केली. ती वस्ती म्हणजे ला पेर्सेवेरान्सिया. चढाच्या गल्ल्या, भडक रंगाच्या भिंती, आणि खाली एक मंडई, जिथे आता अर्धं शहर जेवायला येतं.

गंमत अशी की त्या काळात बोगोटातला कष्टकरी माणूस बिअर पीतच नव्हता. तो चिचा प्यायचा. मका आंबवून केलेलं, स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनचं, तिथल्या मूळ मुइस्का लोकांचं पेय. बायका घरी करायच्या आणि चिचेरियात विकायच्या. बाटलीतली बिअर म्हणजे साहेबी थाट. मग हळूहळू हवा तयार झाली: चिचा घाणेरडी, चिचा पिणारे आळशी, चिचा पिणारे गुन्हेगार. डॉक्टरांनी 'चिचिस्मो' नावाचा आजारच शोधून काढला. 'चिचा माणसाला मठ्ठ करते' अशी भित्तिपत्रकं लागली. ९ एप्रिल १९४८ रोजी गाइतान या अफाट लोकप्रिय नेत्याचा भर रस्त्यात खून झाला, शहर पेटलं आणि त्या दंगलीचं बरंचसं खापर चिचावर फुटलं. त्याच वर्षी कायदा आला की आंबवलेली पेयं आरोग्याचे नियम पाळून, बंद काचेच्या बाटलीतच विकायची. मडक्यात चिचा लावणाऱ्या बाईकडे बाटल्या भरायचं यंत्र कुठून येणार? आणि ते कोणाकडे आधीपासून होतं, हे सांगायला नको.

हे डोक्यात ठेवून फिरलात तर क्राफ्ट बिअरचा, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रुअरीतल्या बिअरचा, ग्लास वेगळाच लागतो. माझा फिरण्याचा क्रम साधारण असा असतो.

सकाळी सेंट्रल सिमेंटरी. हो, बिअरच्या धाग्यात दफनभूमी. कोपची कबर तिथे आहे, वर हाताला हनुवटी टेकवून बसलेल्या माणसाचा पुतळा. कोप कामगारांना नाही म्हणत नसे अशी ख्याती, त्यामुळे लोक आजही येऊन पुतळ्याच्या कानात मागणं सांगतात. नोकरी, घर, पोराची फी. सोमवारी गर्दी जास्त. मी गेले तेव्हा सिक्युरिटी गार्डच्या गणवेशातला एक माणूस चौथऱ्यावर चढून, टोपी काखेत धरून बराच वेळ कुजबुजत होता. मधेच थांबला, खिशातून कागद काढून काहीतरी तपासलं आणि पुन्हा कानाशी लागला. बहुतेक अर्जाचा नंबर सांगत असावा. काम चोख!

तिथून पेर्सेवेरान्सियाच्या मंडईत जेवण, मग कांदेलारिया या जुन्या भागात चोरो दे केवेदोच्या चौकात चिचा. त्या चौकाला लागून एक अरुंद बोळ आहे, दोन्ही बाजूंना चिचाची दुकानं. भोपळ्यासारख्या फळाच्या सुकवलेल्या कवचात, म्हणजे तोतुमात, ओतून देतात. मी जिथे बसले तिथल्या मावशींनी प्लास्टिकच्या बादलीवरचं फडकं बाजूला केलं, पळीने तळापासून ढवळलं आणि काठोकाठ भरून दिलं. दाट, पिवळट, वर बारीक फेस. पहिला घोट आंबट, मग पानेलाचा म्हणजे तिथल्या गुळाचा गोडवा, आणि शेवटी जिभेवर मक्याचं पीठ. मला आवडली. बरोबरच्या कोलंबियन सहकाऱ्याने मात्र तोंड वेंगाडलं, त्याच्या आजीच्या काळातली भित्तिपत्रकं अजून काम करत असावीत.

बिअरला संध्याकाळी. बोगोटा विषुववृत्ताच्या जवळ, बाराही महिने सहाच्या सुमारास अंधार. उंची २,६४० मीटर, हवा चौदा-पंधरा अंशांची, घराला हीटर नाही, त्यात दुपारचा पाऊस. अशा हवेत फिकी गारेगार लागर कशाला? तिथल्या लाल एल आणि काळपट पोर्टर जास्त भावतात. किंता कामाचो भागात विटांची इंग्लिश धाटणीची जुनी घरं आहेत, त्यातल्या एका घरात मोनो बांदिदो आहे. अंगणात बसायला जागा, तिथे संध्याकाळ छान जाते. चेलार्तेच्या बाटल्यांना बायकांची नावं: पामेला, कार्मेन, सेनाइदा. आणि बीबीसी, म्हणजे बोगोटा बिअर कंपनी, ती तर पावलोपावली. त्यांच्या बिअरना इथल्याच जागांची नावं आहेत. मोन्सेराते हा शहरामागचा डोंगर, त्याच्या नावाची लाल बिअर. चापिनेरो पोर्टर. काहिका गावाच्या नावाची मधाची बिअर. नवख्याला शहराचा भूगोल शिकवायला बरी सोय आहे.

बिल आलं की वेटर विचारतो, सर्व्हिस धरू का? ती दहा टक्के आणि ऐच्छिक असते. हो म्हणा, बरं दिसतं.

---

पेठेतला_जोशी

फक्कड लेख. कबरीपाशी कुजबुजणारा गार्ड डोळ्यासमोर आला.

शंकराच्या देवळात नंदीच्या कानात सांगतात तसंच की हे! फक्त इथे मधला निरोप्या नाही, थेट मालकाशीच बोलणं.

फोटो हवे होते.

---

कडू_कारलं

लेख चांगला आहे, पण बीबीसीला क्राफ्टच्या रांगेत बसवलंत ते पटलं नाही. २००२ साली सुरू झाली तेव्हा असेल क्राफ्ट. २०१५ मध्ये एबी इनबेव्ह या बलाढ्य बहुराष्ट्रीय बिअर कंपनीने विकत घेतली. त्यानंतर २०१६ साली सॅबमिलर ही दुसरी बडी बिअर कंपनी इनबेव्हच्या पोटात गेली आणि सॅबमिलरकडे बाव्हारिया होतीच. म्हणजे ज्या बाव्हारियाला टक्कर द्यायला बीबीसी निघाली, तीच आज तिची सख्खी बहीण. तुमच्याच चिचाच्या गोष्टीचा दुसरा अंक झाला हा. पहिल्यांदा कायदा करून गिळलं, दुसऱ्यांदा चेक फाडून.

---

सांजवारा

@कडू_कारलं, मालकीबद्दल एकशे एक टक्के सहमत. पण मी कोलंबियात ज्या ज्या लोकांना विचारलं, त्यांनी आयुष्यातली पहिली न-पिवळी बिअर बीबीसीतच प्यायली होती. आज छोट्या टॅपरूममध्ये जे गिऱ्हाईक येतं, त्याच्या जिभेला वळण तिथे लागलं. म्हणून पहिल्या संध्याकाळी एक लाल बिअर तिथे प्या, फरक कळायला आधी काहीतरी प्यायलेलं हवं ना. मग छोट्यांकडे वळा आणि पैसे तिथे खर्च करा. @जोशी, फोटो मुद्दाम नाही टाकले. दफनभूमीत लोक नवस बोलताना कॅमेरा रोखणं बरं वाटत नाही.

---

घरभट्टी

उंचीचा उल्लेख आला म्हणून राहवेना. मी घरी बिअर बनवतो (परदेशात, कायदेशीर, कृपया कोणी कळवू नये).

२,६४० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट. पाणी सुमारे ९१ अंशांनाच उकळतं. बिअरचा कडवटपणा येतो तो हॉप्समधली (बिअरमध्ये घालतात ती एका वेलीची फुलं) आम्लं उकळताना रूप बदलतात त्यातून, आणि ९१ अंशांना त्या बदलाचा वेग १०० अंशांच्या मानाने निम्म्याहूनही कमी. म्हणजे पुण्यात जमलेली आयपीए या कडवट बिअरची कृती तशीच्या तशी बोगोटात केली तर मिळमिळीत होणार. एक तर हॉप्स वाढवा, नाही तर उकळी लांबवा. उकळी लांबवण्याचं आणखी एक कारण आहे. फिक्या माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या बार्लीतून) उकडलेल्या मक्यासारखा वास सुटतो, तो उकळून उकळून घालवावा लागतो आणि कमी तापमानाला त्यालाही जास्त वेळ लागतो. त्यामुळे उंचावरच्या शहरात कोणी स्वच्छ, बिनवासाची लागर दिली तर मी टोपी काढतो. काळ्या बिअरमध्ये बरंच काही झाकून जातं.

आता फायद्याची बाजू. बोगोटातलं घरातलं तापमान एलच्या यीस्टला जवळपास आयतंच आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये फर्मेंटरसाठी, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यासाठी, वेगळा फ्रीज लावायला लागतो, नाही तर केळ्याचा आणि रंगाच्या डब्याचा वास असलेलं काहीतरी तयार होतं.

नळावर ओतताना फेसही तिथे जास्त येतो. बाहेरचा दाब कमी म्हणून वायू पटकन सुटतो. बारटेंडर नवा असेल तर अर्धा ग्लास फेसच.

---

पेठेतला_जोशी

@घरभट्टी दंडवत घ्या. आता कळलं महाबळेश्वरला भात का शिजत नाही लवकर.

अवांतर: बोगोटा म्हटलं की आम्हा पुणेकरांच्या कपाळावर आठी येते. २००० साली तिथे ट्रान्समिलेनिओ ही स्वतंत्र मार्गिकेतली बससेवा सुरू झाली आणि तिचा आदर्श ठेवून २००६ मध्ये आमच्याकडे तशीच बीआरटी आली. आदर्श राहिला तिकडेच. तुम्ही ट्रान्समिलेनिओत बसलात का हो? खरंच चालते?

---

सांजवारा

चालते. संध्याकाळी साडेपाचला दारातून आत शिरायला मुंबई लोकलचा अनुभव लागतो आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवायची अक्कलही. पण मार्गिका खरोखर तिच्यासाठीच मोकळी असते, एवढं पुणेकरांच्या जखमेवर मीठ.

---

मडगांवची_मासळी

चिचाची कथा वाचून आमची फेणी आठवली. काजूची फेणी पिढ्यान्‌पिढ्या गोव्यात, २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी सरकारदरबारी ती 'देशी दारू'च. २०१६ मध्ये गोवा सरकारने वारसा पेय म्हणून दर्जा दिला. तोवर परराज्यातल्या हॉटेलांत मांडायलाही अडचण. बाटलीला परदेशी नाव असलं की ती प्रतिष्ठित, भाटीतून आलेली की गावंढळ. जगात सगळीकडे तेच.

बोगोटातल्या एखाद्या ब्रुअरीने चिचा आणि बिअर एकत्र आणलीय का? इथे गोव्यात काजूचे, कोकमाचे प्रयोग चालतात म्हणून विचारते.

---

सांजवारा

मका आणि पानेला वापरलेल्या बिअर टॅपरूमच्या फळ्यावर अधूनमधून दिसतात. फळं तर खूप: लुलो, उचुवा (आपली रसभरी), माराकुया (पॅशन फ्रूट). कॉफी आणि कोको घातलेला स्टाउट जवळजवळ प्रत्येकाकडे. मला लुलोची आंबट बिअर फार आवडली. लुलो म्हणजे लिंबू आणि किवी यांच्या मधलं काहीतरी. फळा रोज बदलतो, त्यामुळे अमुक एक मागण्यापेक्षा 'आज तुमचं स्वतःचं काय?' असं विचारा.

आणि चिचा मेलेली नाही बरं का. ला पेर्सेवेरान्सियात दर ऑक्टोबरच्या आसपास चिचाचा उत्सव भरतो. ज्या वस्तीला बिअरच्या कारखान्याने वसवलं, तिथेच!

---

जुना_गिरगावकर

तुमच्या तारखा वाचून दचकलो. तिकडे चिचाबंदीचा कायदा १९४८ चा, इकडे मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा. दोन खंडांत, एकमेकांची खबर नसताना. आमच्याकडे त्यातून परमिट रूम आली, आंटीचे अड्डे आले, आणि प्यायचा परवाना आला जो कागदोपत्री आजही लागतो. किती जणांच्या खिशात असतो ते विचारू नका. माझा आजीव परवाना मी लॅमिनेट करून ठेवलाय. आजवर कोणी मागितला नाही, याचंच वाईट वाटतं.

तिकडे वयाची अट काय?

---

कडू_कारलं

अठरा. आपल्याकडे महाराष्ट्रात बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस.

एक टिपण माझ्याकडून. क्राफ्ट बिअर तिथे स्थानिक पिवळ्या बिअरच्या मानाने महाग वाटेल. कारण साधं आहे. हॉप्सच्या वेलीला नीट वाढून भरघोस फुलायला उन्हाळ्यातला लांबलचक दिवस लागतो, विषुववृत्तापाशी दिवस कायम बारा तासांचा. म्हणजे हॉप्स जवळपास सगळे बाहेरून. बार्ली पूर्वी बोगोटाच्या आसपासच्या पठारावर बरीच पिकायची, नव्वदच्या दशकात आयात खुली झाल्यावर ती शेतीही आटली. छोट्या ब्रुअरीला माल्टही डॉलर मोजून आणावं लागतं. तेव्हा घासाघीस करू नका.

---

तुळशीवृंदावन

मी पीत नाही आणि शाकाहारी आहे. नवरा पितो. मे-जूनमध्ये जायचं चाललंय. मी त्या अंगणात बसून काय करू?

---

सांजवारा

@तुळशीवृंदावन ताई, उपाशी नाही राहणार. पातकोनेस, म्हणजे कच्ची केळी चेचून दोनदा तळलेली, वर मीठ. चीज घातलेली आरेपा, म्हणजे मक्याच्या पिठाची जाड भाकरी. पांदेबोनो, म्हणजे चीजचा छोटा पाव, गरम असताना. आहियाको हे तिथलं प्रसिद्ध सूप, तीन प्रकारच्या बटाट्यांचं, पण त्यात कोंबडी असते, मंडईत सांगून बघा, कधीकधी वेगळं काढून देतात. प्यायला लुलोचं सरबत, नाही तर गरम आगुआपानेला, गुळाचं पाणी, त्यात चीजचा तुकडा बुडवून खातात. विचित्र वाटेल, थंडीत लागतं मस्त.

आणि नवऱ्याला तेहो खेळायला न्या, तुम्हीही खेळा. ओल्या मातीच्या फळीवर बंदुकीच्या दारूच्या छोट्या कागदी पुड्या ठेवतात आणि लांबून लोखंडी चकती फेकायची. नेम लागला की धाडकन आवाज. कोलंबियाचा राष्ट्रीय खेळ आहे, आणि हरलेल्या बाजूने बिअर पाजायची हा रिवाज. तिथे मात्र क्राफ्ट बिक्राफ्ट काही नाही, साधी बाटली.

---

औषधवाला

रंगाचा बेरंग करत नाही, पण एकटं फिरणाऱ्यांनी वाचा. बोगोटात स्कोपोलामाइन पेयात मिसळून लुबाडण्याचे प्रकार होतात. ते मिळतं बोराचेरो नावाच्या झाडापासून, लांब लटकणारी कर्ण्यासारखी फुलं, शहरातल्या बागांतही दिसतात. आपल्या धोतऱ्याच्या कुळातलं. धोतरा खाऊ घालून वाटसरूंना लुटण्याच्या कथा आपल्याकडेही जुन्या आहेत, तोच प्रकार. माणूस बऱ्याचदा बेशुद्ध पडत नाही, चालतो-बोलतो, सांगितलं तसं एटीएममधून पैसे काढून देतो, नंतर काही आठवत नाही.

ग्लास नजरेआड करू नका. अनोळखी माणसाने पुढे केलेलं पेय, सिगरेट, काही घेऊ नका. डेटिंग ॲपवर भेटलेल्या व्यक्तीबरोबर जाणार असाल तर दुप्पट सावध. रात्री रस्त्यावर हात करून टॅक्सी थांबवू नका, ॲपवरून किंवा ब्रुअरीतल्या लोकांना सांगून मागवा.

आणि पहिल्या दिवशी बेतानेच. उंचीवर आधीच डोकं जड होतं, झोप उडते. पाणी भरपूर, बिअर एखादीच.

---

घरभट्टी

+१. ब्रुअरी बघायला जाणाऱ्यांसाठी: दुपारी लवकर जा. संध्याकाळी बनवणारा माणूस काउंटरवर नसतो. दुपारी टाक्या धूत असतो आणि बोलायला तयार असतो. मी दुसऱ्या एका उंचावरच्या शहरात असाच अर्धा दिवस रबरी बूट घालून पाईप धरून उभा राहिलोय. वीस पुस्तकांत नाही ते कळलं.

---

पेठेतला_जोशी

पुण्यातल्या क्राफ्टवाल्यांनाही हे लागू का? २००९ मध्ये डूलाली सुरू झाली तेव्हा आम्ही काचेपलीकडच्या तांब्याच्या टाक्या नुसत्या बघत बसायचो. विचारायचं धाडस झालं नाही.

---

घरभट्टी

विचारा हो. बिअर बनवणाऱ्याला बिअरबद्दल बोलायला लाच द्यावी लागत नाही.

---

तुळशीवृंदावन

ताई, खूप आभार. तिकिटं बघितली, मेच्या शेवटच्या आठवड्यातली स्वस्त आहेत. काढू का?

---

कडू_कारलं

थांबा. अध्यक्षपदाची निवडणूक असलेल्या वर्षी पहिली फेरी मेच्या शेवटच्या रविवारी असते. मतदानाच्या आदल्या संध्याकाळपासून दारूविक्री बंद, बारसुद्धा. त्याला लेय सेका म्हणतात. दुसरी फेरी झालीच तर जूनमध्ये, तेव्हाही तेच. चार वर्षांतून एकदाच, पण नेमके तुम्हीच सापडायचात. तारीख बघूनच तिकीट काढा.

---

तुळशीवृंदावन

नवऱ्याला न सांगता तेच काढते. आहियाको आणि गुळाचं पाणी माझं नक्की झालंय 😄

---

जुना_गिरगावकर

ताई, तुमचे यजमान इथे वाचनमात्र असतील तर? धागा पहिल्या पानावर आहे.